लिंकनशायरचे धुके

नॉटिंगहॅमहून न्यूअर्कपर्यंतचा आगगाडीचा प्रवास अवघ्या अर्ध्या तासाचा. गेल्या डिसेंबरात चिरंजीवांकडे महिनाभर मुक्काम असता एका सकाळी आम्ही उभयता त्या गाडीत बसलो, तेव्हा चिरंजीवांना आमच्या बेताचे नवल वाटले. इंग्लंडात आलेली माणसे लंडनचा मनोरा पाहतात, शेक्सपियरचे गाव पाहतात. आईवडील मात्र ऐन थंडीत एका दफनभूमीला निघालेले! त्याचे कारण सांगायचे तर आधी कोल्हापूरला जावे लागेल.

आमच्या बडोद्याकडील वाचकांना जामनगरजवळच्या बालाचडीची हकीकत ठाऊक असेल. १९४२ साली जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलंडच्या निराधार मुलांना तेथे आसरा दिला. परंतु त्याहून कितीतरी मोठी पोलिश वसाहत कोल्हापूरच्या वेशीवर, वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत नांदत होती. सुमारे पाच हजारांची वस्ती, त्यात बहुसंख्य बायका आणि मुले. रशियाने १९४० आणि १९४१ साली ज्यांना घरातून उठवून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले, त्यांपैकी जी माणसे वाचली ती इराणच्या वाटेने येथवर पोचली होती. आमच्या धाकट्या मामींचे माहेर कोल्हापूरचे. त्या लहान असताना छावणीतील एक बाई भरतकामाचे नमुने दाखवायला त्यांच्या आईकडे येत असत. मोडक्या मराठीत दोन-चार शब्द बोलत. या बाईंचे यजमान "विलायतेत विमानात" आहेत, एवढे घरात सर्वांना माहीत होते. थंडीचे दिवस आले, की त्या खिडकीबाहेर पाहत आणि तिकडे आता बर्फ पडत असेल, असे खुणांनी सांगत. एका वर्षी त्या येईनाशा झाल्या. पुढे छावणीच उठली आणि तो विषय तेथेच थांबला. मामींना त्या बाईंचे आडनाव कधीच नीट उच्चारता आले नाही. त्यामुळे ते आमच्यापर्यंतही पोचले नाही. परंतु "तिकडे गेलास तर पोलंडच्या विमानवाल्यांच्या कबरी बघून ये रे," असे त्यांनी निघताना बजावले होते. मामींनी वयाची नव्वदी ओलांडली आहे, तेव्हा आज्ञा मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

न्यूअर्कची दफनभूमी गावाच्या कडेला आहे. आत शिरल्यावर पोलिश विभाग ओळखायला वेळ लागत नाही. इंग्रज सैनिकांचे शिलालेख वरून अर्धवर्तुळाकार असतात, पोलिशांच्या शिळा वरच्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या. अशा जवळजवळ चारशे शिळा येथे रांगेने उभ्या आहेत. नोव्हेंबरच्या प्रारंभी पोलिश लोक आपल्या मृतांच्या समाधीवर दिवे लावतात. आपल्या सर्वपित्रीसारखाच तो दिवस. महिना उलटून गेला असला तरी लाल काचेचे ते दिवे अजून जागोजागी उभे होते, वात विझलेली, आत पावसाचे पाणी साचलेले. मधोमध जनरल सिकोर्स्की यांच्या समाधीची जागा आहे. १९४३ च्या जुलैत जिब्राल्टरला विमान कोसळून हे पोलंडचे परागंदा पंतप्रधान मृत्यू पावले, तेव्हा त्यांनी येथे आपल्या वैमानिकांच्या सोबतीला राहणे पसंत केले असते, असेच सर्वांना वाटले असावे. पन्नास वर्षांनी, १९९३ साली, त्यांचे अवशेष मायदेशी क्राकोला नेले. येथेच विसावलेल्या तीन परागंदा राष्ट्राध्यक्षांनाही २०२२ साली वॉर्सात नेण्यात आले. थोरामोठ्यांना घरी जायला मिळाले. ही चारशे माणसे मात्र येथेच आहेत.

ही सर्व येथे कशी आली? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला रशियाने पूर्वेकडून पोलंडवर चाल केली. पराभवानंतर हजारो वैमानिक व कारागीर रुमानिया आणि हंगेरीतून निसटून फ्रान्सला पोचले. जून १९४० मध्ये फ्रान्सही पडला, तेव्हा उरले फक्त इंग्लंड. तेथे १ जुलै १९४० रोजी ब्रॅमकोट या तळावर पोलंडचे पहिले बॉम्बफेकी पथक उभे राहिले: ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन. मासोव्हिया या प्रांताचे नाव तिला दिले होते. वॉर्सा याच प्रांतात. त्यामागून ३०१, ३०४ आणि ३०५ या स्क्वाड्रन उभ्या राहिल्या, त्यांनाही एकेका प्रांताचे नाव. नकाशावरून पुसलेला देश असा इंग्लंडच्या धावपट्ट्यांवर तुकड्यातुकड्याने पुन्हा मांडला जात होता. लंडनवरच्या आकाशात लढलेल्या ३०३ क्रमांकाच्या लढाऊ पथकाची कीर्ती जगभर झाली. बॉम्बफेक्यांचे काम रात्रीचे, दूरचे आणि दृष्टीआडचे. म्हणून त्यांना आठवणारे थोडे.

न्यूअर्कहून आम्ही लिंकनला गेलो आणि तेथून एका सुस्वभावी टॅक्सीवाल्याने आम्हांला तळांच्या गावांतून फिरवले. वाटेत स्विंडरबी लागते, उत्तरेला हेम्सवेल, इंगम आणि शेवटी फॉल्डिंगवर्थ. ३०० क्रमांकाच्या पथकाचे सारे युद्ध या तीस-चाळीस मैलांच्या पट्ट्यात झाले, म्हणजे त्याची घरची बाजू तरी. सपाट, ओली जमीन. कोबीची आणि बीटची शेते. अकरा वाजले तरी सूर्याचा पत्ता नव्हता आणि साडेतीनला दिवेलागण झाली. लिंकनचे प्रार्थनामंदिर टेकडीवर आहे. पहाटे परतणारे वैमानिक त्याचे मनोरे धुक्यावर आलेले दिसले, की घर आले असे समजत. आम्ही गेलो त्या दिवशी पायथ्याशी उभे राहूनही मनोरे दिसले नाहीत!

या धुक्याचीच वैमानिकांना शत्रूच्या तोफांइतकी धास्ती असे. आठ-नऊ तासांच्या उड्डाणानंतर पेट्रोल संपत आलेले, माणसे अर्धमेली झालेली आणि खाली जमीनच नाही. युद्धाच्या उत्तरार्धात लडफर्ड मॅग्ना, मेदरिंगम अशा काही तळांवर धावपट्टीच्या दोन्ही कडांना नळ घालून त्यांत पेट्रोल जाळीत, म्हणजे त्या धगीने धुके वर उचलले जाई. ज्या देशात सामान्य नागरिकाला मोटारीसाठी पेट्रोलचा थेंब मिळत नव्हता, तेथे एका उतरणीपायी हजारो गॅलन जाळण्यात येत. धुक्याची किंमत काय होती ते यावरून समजावे.

तरीही बॉम्बफेक्यांचा खरा हंगाम हिवाळाच. उन्हाळ्यात इकडची रात्र पाच-सहा तासांची. तेवढ्यात बर्लिनला जाऊन अंधारातच परतणे अशक्य. लांबचा पल्ला गाठायचा तर लांब रात्र हवी, आणि लांब रात्र म्हटली की कडाक्याची थंडी आलीच.

राहण्याची सोय म्हणजे निसेनची झोपडी. नळीच्या आकाराचे पत्रे अर्धे कापून जमिनीवर पालथे घालावे, तशी ही पत्र्याची कमान. दोन्ही टोकांना भिंत, मध्ये एक लहानशी कोळशाची शेगडी. कोळसा मोजून मिळे आणि पुरत नसे. शेगडीपाशी बसणारा भाजून निघे, दाराजवळचा गारठे. रात्री माणसांच्या श्वासाची वाफ पत्र्यावर गोठे आणि सकाळी शेगडी पेटली की पांघरुणांवर ठिबकू लागे. झोपड्या, भोजनगृह, कचेरी, विमाने ही सारी बॉम्बहल्ल्याच्या भीतीने दूरदूर विखुरलेली. म्हणून प्रत्येकाजवळ सायकल. इंगमच्या तळाला तर पक्की धावपट्टीच नव्हती, नुसते गवत. हिवाळ्यात त्याचा चिखल होई. जड चार इंजिनी विमाने तेथून उडणे शक्य नव्हते, आणि म्हणूनच १ मार्च १९४४ रोजी ३०० क्रमांकाचे पथक फॉल्डिंगवर्थला हलले व तेथे त्याला लँकॅस्टर विमाने मिळाली.

त्याआधीची साडेतीन वर्षे त्यांचे वाहन होते दुइंजिनी वेलिंग्टन. या विमानाची रचना मोठी गमतीची. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने धातूच्या पट्ट्यांची टोपलीसारखी तिरपी वीण विणून त्यावर कापड ताणून बसवले होते. गोळ्यांनी चाळण झाली तरी वीण शाबूत असेल तर विमान घरी येई. मग कारागीर सुईदोरा घेऊन त्याला ठिगळे लावीत. हे ऐकून आमच्या सौ. उद्गारल्या, "म्हणजे गोधडीच की ही!" आम्हांला ही उपमा चपखल वाटली, फक्त या गोधडीला ऊब नव्हती.

वैमानिकांबद्दल पुष्कळ लिहिले जाते, कारागिरांबद्दल फार थोडे. विमाने उघड्या माळावर उभी. इंजिनांवर किंतानाची झूल घातलेली. पहाटे ती ओढून काढायची, पंखांवरचे बर्फ खरवडायचे, पुन्हा जमू नये म्हणून त्यांच्या पुढच्या कडांना लेप चोपडायचा. बारीक खिळे, तारा, स्क्रू यांना हातमोज्यांनी हात घालता येत नाही आणि उघडे बोट गोठलेल्या धातूला चिकटते. हिमवर्षाव झाला म्हणजे धावपट्टी मोकळी करायला कारकून, आचारी, अधिकारी सगळेच फावडी घेऊन उतरत. रात्री विमान उडाले, की हीच मंडळी त्याच्या रिकाम्या जागेपाशी घुटमळत. आपण घट्ट केलेला एखादा स्क्रू सैल तर राहिला नसेल ना, हा विचार झोप लागू देत नसे.

दिवसाची सुरुवात एका प्रश्नाने होई: आज रात्री जायचे का? भोजनगृहाच्या फलकावर नावे लागली, की उत्तर मिळे. दुपारी नेमून दिलेले विमान थोडे उडवून पाहायचे. मग बंद खोलीत भिंतभर नकाशा आणि त्यावर ताणलेली रंगीत फीत. फीत किती लांब जाते, इकडे सर्वांचे डोळे. हवामान अधिकारी बोलू लागला, की खाकरण्याचे आवाज. पुढे भोजन, आणि त्यात अंडे! रेशनच्या इंग्लंडात माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडे मिळे. मोहिमेवर जाणाऱ्याला मात्र जाताना किंवा आल्यावर तळलेले अंडे हक्काचे. एरवीच्या इंग्रजी जेवणाविषयी पोलिशांचे मत न लिहिलेले बरे. उकडलेला कोबी आणि पुदिन्याच्या आंबट पाण्यातले मटण पाहून त्यांना घरच्या आंबवलेल्या कोबीची व लालबुंद बीटच्या सारेची आठवण येई. पुढे पोलिश आचारी आले तेव्हा तळ खऱ्या अर्थाने त्यांचा झाला. (परदेशी मुक्कामात वरणभाताची आठवण काढणाऱ्यांनी यावर हसू नये.)

आणि मग, सगळी सिद्धता झाल्यावर, पॅराशूट पाठीशी घेऊन विमानाशेजारी तासभर ताटकळल्यावर, बहुधा निरोप येई: हवामानामुळे मोहीम रद्द. हिवाळ्यात हे वारंवार घडे. सुटका झाली म्हणावे, तर तीसाचा आकडा तसाच राहिला. तीस मोहिमा पूर्ण केल्या म्हणजे एक फेरी संपून विश्रांती मिळे. रद्द झालेली रात्र त्यात धरली जात नसे.

उड्डाणातील थंडी वेगळीच. पंधरा-वीस हजार फुटांवर उणे तीस अंश, कधी त्याखालीही. रेशमी, त्यावर लोकरी, त्यावर कातडी असे हातमोज्यांचे थर चढवलेले. प्राणवायूच्या मुखवट्यात श्वासाचे बर्फ होई. लँकॅस्टरमध्ये उष्ण हवेचे तोंड बिनतारी यंत्रवाल्यापाशी. तो घामाघूम आणि शेपटीतला बंदूकवाला काकडलेला. हा शेपटीवाला सर्वांत एकाकी. विमानाच्या टोकाला काचेच्या घुमटात, जायच्या दिशेकडे पाठ करून, आठ तास तो फक्त अंधार पाहत बसे. धुरकटलेल्या काचेवरचा ठिपका की शत्रूचे विमान, हे नीट ओळखू यावे म्हणून कित्येकांनी डोळ्यांसमोरची काचच काढून टाकली होती. तेवढा वारा अधिक, पण नजर साफ.

सगळ्याच मोहिमा शहरांवरच्या नव्हत्या. १९४३-४४ च्या हिवाळ्यात जुनी वेलिंग्टन विमाने मुख्यतः शत्रूच्या बंदरांबाहेर समुद्रात पाणसुरुंग टाकीत. या कामाचे सांकेतिक नाव बागकाम! सुरुंग म्हणजे भाजी आणि समुद्रातील एकेका टापूला फळाफुलांची नावे. काळोख्या रात्री, लाटांच्या अगदी वर खाली येऊन ही लागवड करायची. मार्च १९४४ च्या आरंभी ३०० क्रमांकाच्या पथकाने वेलिंग्टनमधून जे शेवटचे बागकाम केले, ते इंग्लंडच्या तळांवरून झालेले त्या विमानाचे शेवटचे बॉम्बफेकी उड्डाण ठरले.

काही गोष्टी त्यांच्या खास पोलिश. आरंभीच्या काळात विमानाचा प्रमुख हा चालक नसून वाट दाखवणारा निरीक्षक असे. ती त्यांच्या हवाई दलाची जुनी रीत. इंग्रजांना हे विचित्र वाटे. कित्येकांनी खोटी नावे घेतली होती, कारण खरे नाव जर्मनांना कळले तर घरच्यांचे काय होईल याचा नेम नव्हता. इंग्रज वैमानिकाचे पत्र दुसऱ्या दिवशी आईला पोचे. यांची आई, बायको, मुले वॉर्सात, विल्नोत, की सैबेरियात, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. १९४२ नंतर रशियातून सुटलेल्यांपैकी काहीजण येथे येऊन भरती झाले, इराणमार्गे आलेल्या मुलीही हवाई दलाच्या साह्यकारी पथकात दाखल झाल्या, तेव्हा तिकडच्या बातम्या प्रथमच मुखोमुखी कळल्या. त्याच इराणी वाटेला पुढे जे फाटे फुटले, त्यांतला एक वळिवड्याचा.

१६ जुलै १९४१ रोजी स्विंडरबीच्या माळावर जनरल सिकोर्स्कींनी हवाई दलाचे निशाण ३०० क्रमांकाच्या पथकाच्या स्वाधीन केले. हे निशाण विल्नो शहरातील स्त्रियांनी शत्रूच्या नाकावर टिच्चून गुप्तपणे भरले होते. त्यासाठीचे रेशीम, आश्चर्य वाटेल, खुद्द बर्लिनहून आणवले होते, आणि जपानी राजनैतिक टपालातून ते स्वीडनमार्गे इंग्लंडला पोचले. एका बाजूला विल्नोच्या देवीची प्रतिमा, आणि प्रेम त्याग मागते अशा अर्थाचे शब्द. प्रत्येक पथकाने ते तीन-तीन महिने सांभाळावे, असे ठरले. त्या टाक्यांमागचे हात कोणाचे, याचा अंदाज करीत अनेकांनी ते निरखले असेल.

वर्षातून एक रात्र मात्र घर आपण होऊन तळावर येई. २४ डिसेंबरची संध्याकाळ पोलिशांना नाताळाच्या दिवसाहूनही मोठी. आकाशात पहिला तारा दिसला, की जेवायला बसायचे. टेबलाच्या चादरीखाली थोडे वाळलेले गवत पसरायचे, जेवण सामिष नाही, मासे चालतात. एक ताट जास्तीचे मांडून ठेवायचे, वाट चुकलेल्या पाहुण्यासाठी. लिंकनशायरच्या धुक्यात तारा दिसण्याची आशा कसली. घड्याळावरच भागवावे लागत असणार. आणि आरंभी एक पातळ पांढरी पापडी हाती घेऊन प्रत्येकाने प्रत्येकाच्या पापडीचा तुकडा मोडायचा, खायचा आणि शुभ चिंतायचे. वर्षभराची भांडणे त्या तुकड्याबरोबर मिटवायची. संक्रांतीचा तिळगूळ देताना आपण जे बोलतो त्याचीच ही बहीण! फक्त येथे पंगतीत कालपर्यंत बसणारे काही नसत आणि जास्तीचे ताट कोणासाठी, हे कोणी विचारीत नसे.

माणसे इतक्या झपाट्याने कमी होत गेली, की एप्रिल १९४३ मध्ये ३०१ क्रमांकाचे पथक मोडावे लागले. इंग्रजांना आपल्या देशातून नवी भरती मिळे. यांचा देशच शत्रूच्या ताब्यात. अखेर १९४४ मध्ये जड बॉम्बफेके पोलिश पथक एकटे ३०० क्रमांकाचेच उरले आणि तेही पुरे पडेना, म्हणून त्यात इंग्रज वैमानिकांच्या तुकड्या घालाव्या लागल्या.

शेवटचा हिवाळा सर्वांत जड गेला, आणि तो थंडीमुळे नव्हे. फेब्रुवारी १९४५ च्या दुसऱ्या आठवड्यात याल्टाच्या परिषदेची वार्ता फुटली: पोलंडचा पूर्व भाग रशियाला. या तळावरच्या पुष्कळांची घरे, ल्वोव, विल्नो, सगळी त्या रेषेपलीकडे गेली. आणि लगेच १३ फेब्रुवारीच्या रात्री फलकावर जे लक्ष्य आले ते ड्रेस्डेन, म्हणजे रशियन सैन्याची वाट मोकळी करण्याचे काम. तरीही ते गेले. त्या हल्ल्यांत शहरातील पंचवीस हजारांपर्यंत माणसे मेली, हेही येथे सांगितलेच पाहिजे. फॉल्डिंगवर्थच्या त्या थंड माळावर उभे राहून आम्हांला या रात्रीविषयी कोणताही एक निकाल देता आला नाही. आज हा तळ खासगी मालकीचा आहे, कुंपणाबाहेरून जेवढा दिसतो तेवढा पाहायचा. मध्यंतरी, युद्ध संपल्यावर काही वर्षांनी, तेथे अणुबॉम्ब साठवीत असत.

८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे संचलन झाले, त्यात पोलिश सेना नव्हती. १९४७ साली इंग्लंडने त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याच निसेनच्या झोपड्यांत पुढे कितीतरी पोलिश कुटुंबे राहिली. वळिवड्याच्या छावणीतील अनेक बायकामुले आपल्या नवऱ्यांना, वडिलांना भेटायला १९४७-४८ मध्ये याच देशात आली. मामींकडे येणाऱ्या बाई त्यांत होत्या का, आम्हांला सांगता येणार नाही. वळिवड्यात पुढे सिंधी निर्वासित आले आणि त्या वस्तीला गांधीनगर म्हणू लागले.

परतताना न्यूअर्कला गाडी बदलायची होती आणि हाताशी तासभर होता. आम्ही पुन्हा दफनभूमीकडे गेलो. अंधारून आले होते. सौ. एका रांगेपाशी वाकून तारखा वाचू लागल्या. जन्म १९१८, १९१५, १९२१. एका शिळेपाशी थांबून त्यांनी पालथा पडलेला लाल दिवा उचलला, त्यातले पाणी ओतून टाकले आणि तो सरळ उभा केला. मामींना काय सांगायचे, असे आम्ही विचारले. "कबरी नीट ठेवल्या आहेत, म्हणून सांगा," त्या म्हणाल्या, "आणि हो, बर्फ नव्हते."